आत्याच्या झंपरपासून सुरुवात: जुने, नाजूक कपडे रोजच्या वापरात कसे आणावेत

आमच्या फोंड्याच्या घरात आत्याची शिसवी पेटी आहे. तिच्यात मला एक पांढरा टू बाय टू रुबियाचा झंपर सापडला. फुग्याच्या बाह्या, मागे हुक, गळ्याभोवती बोटभर रुंद क्रोशाची लेस. ती लेस आत्याने स्वतः विणली होती. काखेत एका जागी बारीक हातशिलाईने रफू केलेलं होतं आणि त्या दोऱ्याचा रंग कापडापेक्षा किंचित पिवळा पडला होता. आत्या शिक्षिका होती. हा झंपर घालून ती रोज शाळेत गेली, घामेजली, फाटलं तिथे शिवलं आणि परत घातला. मी तो पणजीच्या ऑफिसात घालते तेव्हा कुणाला तो जुनापुराणा वाटत नाही, सुंदर वाटतो.

जुने कपडे म्हटले की बहुतेकजणी ते लग्नकार्यासाठी किंवा फोटोपुरते काढतात. मला ते मनापासून खटकतं. हे कपडे रोज घालण्यासाठीच शिवलेले होते. ते पुन्हा रोजचे कसे करायचे, ते माझ्या अनुभवावरून क्रमाने सांगते.

1. विकत घेण्याआधी घरातली पेटी उघडा

गोव्यातल्या जुन्या घरांत कापडाचा खजिना असतो. आफ्रिकेत, आखातात किंवा बोटीवर कामाला गेलेल्यांनी आणलेली नायलॉनची, वायलची, लेसची कापडं कितीतरी घरांत अजून घडी न मोडता पडून आहेत. आजीची इरकल, आईचे सत्तरच्या दशकातले फुलाफुलांचे फ्रॉक, काकूचं पोलकं, मावशीची शिफॉन. आधी हे सगळं बाहेर काढा. ज्यांचे कपडे आहेत त्या हयात असतील तर त्यांच्यासमोरच काढा. कुठलं कापड कुठून आलं, कुठलं पाण्यात आटतं, कुठल्याचा रंग जातो, हे त्यांना तोंडपाठ असतं.

विकत घ्यायचं असेल तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, हणजूणचा बुधवारचा बाजार आणि हंगामात हडफड्याचा शनिवारचा रात्रबाजार आहेच. मात्र तिथे टांगलेल्या मालात बराचसा नवाच असतो, जुन्या धाटणीचा. खरा जुना कपडा आतून ओळखावा. कपडा उलटा करा. चेन धातूची आहे का, काज हाताने केलेलं आहे का, शिवणीच्या आत भरपूर माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेली आहे का ते बघा. आतल्या शिवणीला सरसकट ओव्हरलॉक, म्हणजे मशीनने गुंफलेली कड, असेल आणि धुण्याच्या सूचनांची चकचकीत पट्टी असेल, तर बहुधा तो कारखान्यातला अलीकडचा कपडा आहे. घ्यायला हरकत नाही, पण जुन्याचा भाव देऊ नका.

2. कापडात जीव आहे का ते तपासा

ही पायरी गाळली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. कपडा खिडकीच्या उजेडासमोर धरा. घडीच्या रेषेवर बारीक छिद्रं किंवा चिरा दिसल्या तर कापड तिथे विरलेलं आहे. मग दोन्ही अंगठ्यांनी कापड हलकेच ताणा. तग धरला तर पुढे जा. चर्र आवाज आला तर तो कपडा अंगावर घालण्याचा राहिला नाही. त्याचे काठ, लेस, बटणं काढून ठेवा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम हमखास असं घडीवर तुटतं.

कापड कशाचं आहे हे कळत नसेल तर शिवणीच्या आतून चार दोरे काढून चिमट्यात धरून जाळा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. हे कळणं गरजेचं आहे, कारण गोव्याच्या दमट हवेत दिवसभर अंगावर ठेवायला सुती कापडच बरं. नायलॉनचा फ्रॉक कितीही गोड दिसला तरी मे महिन्यात बसमध्ये तो नकोसा होतो. तो डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळींसाठी राखून ठेवा.

3. वास आणि डाग काढा, घाई न करता

पेटीतल्या कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा किंवा बुरशीचा वास असतो. धुण्याआधी दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवा. बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, दोरी बांधली तर उत्तम. थेट उन्हात रंगीत कापड विटतं. मग सुती कपडा अर्ध्या बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा आणि साध्या पाण्यातून काढा. रंग जातो का ते आधी आतल्या शिवणीवर ओलं पांढरं फडकं दाबून बघायचं. रेशमाला रिठ्याचं पाणी. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घ्यायचं.

पांढऱ्या सुती कपड्याच्या काखेतले घामाचे पिवळे डाग खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट लावून अर्ध्या तासाने धुतले की बरेच फिके होतात. हुकाच्या गंजाचे डाग असतील तर लिंबू आणि मीठ लावून थोडा वेळ उन्हात ठेवा. हा उपाय पांढऱ्यापुरताच. रंगीत कापडावर लिंबाने डागाच्या जागी दुसराच डाग पडतो.

खळ देण्यासाठी बाजारातली पावडर आणायची गरज नाही. आपल्याकडे घरोघरी पेज शिजते. तिची वरची निवळ गाळून, पाण्यात पातळ करून त्यात सुती झंपर बुडवला की फुग्याच्या बाह्या दिवसभर फुगलेल्या राहतात. आत्याही हेच करायची. मात्र खळ दिलेला कपडा पेटीत ठेवायचा नाही, कसर लागते. ठेवण्याआधी खळ धुऊन काढा.

इस्त्रीची एक गोष्ट मी किंमत मोजून शिकले. एका जुन्या पोलक्याची लेस सुती समजून मी गरम इस्त्री फिरवली. लेस नायलॉनची होती. क्षणात आक्रसली आणि काळसर झाली. तसली लेस पुन्हा कुठे मिळाली नाही. तेव्हापासून कापड सुती असलं तरी लेस वेगळी तपासते आणि वर मलमलचं फडकं टाकल्याशिवाय इस्त्री टेकवत नाही.

4. मापात आणा: खरं काम हेच

जुना कपडा ‘जुना’ दिसतो तो बहुतेक वेळा मापामुळे. छातीत आवळलेला, खांद्यावरून उतरलेला किंवा कंबर भलत्याच जागी आलेली. हे दुरुस्त केलं की कपडा आजचा होतो. म्हणून खर्च करायचाच असेल तर शिंप्यावर करा, दागिन्यांवर नको.

जुन्या शिवणकामात आत माया भरपूर सोडलेली असते. आत्याचा झंपर मला छातीत दोन इंच कमी पडत होता. मी घाबरत घाबरत फोंड्याच्या बाजारातल्या म्हाताऱ्या टेलरकडे नेला. त्यांनी तो उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “बाय, भितर कापड आसा, भियेनाका.” दोन्ही कुशींच्या शिवणी उसवून पुढच्या आणि मागच्या भागातून अर्धा-अर्धा इंच सोडला की चार जागी मिळून दोन इंच होतात. तेवढ्याने काम झालं. काखेत मात्र अजून खेचत होतं, तिथे त्यांनी दोन इंचांची चौकोनी कळी, म्हणजे कापडाचा जोडतुकडा, घातली. हात वर केला तरी शिवण ताणत नाही. जुन्या झंपरांच्या बाह्या काखेत घट्ट बेतलेल्या असतात आणि आपल्याला त्यातच स्कूटरचं हँडल धरायचं असतं, म्हणून ही कळी घालूनच घ्या.

शिंप्याला सांगायच्या तीन गोष्टी: कापायचं काहीही नाही, फक्त उसवून परत टिप मारायची, काढलेली लेस, बटणं, हुक परत द्यायचे, आणि मूळ शिवणीची रेघ खडूने आखून ठेवायची. कापलेलं कापड परत येत नाही.

फ्रॉकची उंची वाढवायला घोळ सोडला तर जुन्या दुमडीची रेघ उमटून दिसते. ती घासून जात नाही. तिच्यावर बारीक झिगझॅग लेस किंवा सुती पट्टी लावून टाका, जणू ती तिथेच असायची होती.

साडी पदराकडे फाटलेली असेल तर तिचा परकर शिवा. सहावारी साधारण साडेपाच मीटर असते. त्यातलं चांगलं तीन मीटर निघालं तरी पुरे. साडीची रुंदी म्हणजे परकराची उंची. काठ खाली ठेवायचा आणि जास्तीची उंची वरून घ्यायची. तीन मीटर म्हणजे जवळपास 118 इंच. 30 इंची कमरेला ते चौपट चुण्यांचं होतं. पातळ वायलला हे छान दिसतं. जाड सुती किंवा इरकल असेल तर कंबरेच्या अडीचपटच कापड घ्या, नाहीतर कंबरेवर गाठोडं होतं.

5. एका वेळी एकच जुनी वस्तू

माझा नियम हाच आहे. फुग्याच्या बाह्यांचा झंपर, त्यावर जुनीच साडी, जुन्याच बांगड्या आणि अंबाड्यावर वेणी, असं सगळं एकदम केलं की वेशभूषा स्पर्धेला निघाल्यासारखं होतं. एकच वस्तू जुनी ठेवा आणि बाकी सगळं आजचं, साधं, एकरंगी.

झंपर असेल तर खाली उंच कंबरेची सुती पँट, पायात साधी चप्पल. फुलाफुलांचा सत्तरचा फ्रॉक असेल तर पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मोकळी मान. आईची वायलची साडी असेल तर मॅचिंग ब्लाऊज शोधत बसू नका. पांढरा सुती शर्ट आत खोचून त्यावर साडी नेसा. शर्टाची कॉलर आणि साडीची नाजूक फुलं एकमेकांना सावरतात. इरकलीचा लाल रेशमी पदर धड उरला असेल तर तो उपरण्यासारखा पांढऱ्या कुर्त्यावर घ्या.

नाजूकपणा कुठे ठेवायचा हेही ठरवा. लेस गळ्याला असेल तर बाह्या साध्या, बाह्या फुगीर असतील तर खालचा भाग सरळ. घेरदार परकरावर अंगासरशी बसणारं साधं वरचं वस्त्र. केसांत अबोलीचा छोटा वळेसर, म्हणजे गजरा, माळला तर कानात काही नको. मार्चच्या सुमारास सुरंगीची फुलं येतात, तेव्हा तर त्यांच्या वासापुढे बाकी सगळं फिकं.

कुणबी साडीबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. लाल चौकडीची ही सुती साडी गोव्यातल्या कुणबी-गावडा समाजातल्या बायकांची कष्टाच्या कामातली साडी. शेतात वावरता यावं म्हणून आखूड, खांद्यावर गाठ मारून नेसलेली. गोव्याचे दिवंगत फॅशन डिझायनर पद्मश्री वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणली जावी म्हणून काम केलं आणि आज ती ऑफिसातही दिसते. आपण ती नेसावी, पण ‘कुणबी बाई’ बनून फोटो काढू नयेत. नेहमीसारखी नेसावी, साध्या ब्लाऊजवर. जुन्या गोव्यातले कपडे प्रत्यक्ष पाहायचे तर रॉड्रिक्स यांच्या कोलवाळच्या घरात उभं राहिलेलं मोडा गोवा संग्रहालय बघून या. काठ, झालरी, शिवण जवळून पाहिली की घरच्या पेटीतल्या वस्तूही नव्याने दिसू लागतात.

6. स्कूटर, पाऊस आणि देऊळ

आपलं रोजचं जगणं स्कूटरवर आहे, तेव्हा कपडाही त्यावर चालला पाहिजे. घेरदार फ्रॉकच्या आत सुती सायकलिंग शॉर्ट्स घाला आणि बसल्यावर घेर मांडीखाली दाबून घ्या. पदर आणि ओढणी कमरेला बांधल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. चाकात पदर गेला तर जिवावर बेतू शकतं.

पावसाळ्यात रेशीम, जॉर्जेट, लांब घोळ बंद. फेरीबोटीवर उभं राहायचं असेल तर पोटरीपर्यंतचा सुती फ्रॉकच बरा. देवळात जायचं असेल त्या दिवशी खांदे आणि गुडघे झाकणारं काहीतरी निवडा, म्हणजे ऑफिसातून परस्पर जाता येतं.

7. घालून झाल्यावर

घातलेला कपडा लगेच पेटीत नाही. उलटा करून रात्रभर वाऱ्यावर. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा. जरीला डांबराच्या गोळ्या चिकटू देऊ नका, जर काळी पडते. कडुनिंबाचा वाळलेला पाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवला तरी भागतं. कपाटात खाली कोळशाची टोपली ठेवली तर ओल कमी होते. पावसात एखादा कोरडा दिवस मिळाला की कपाटाची दारं उघडी टाका. चतुर्थीच्या साफसफाईत सगळ्या घड्या मोडून नव्या जागी घाला, म्हणजे रेशीम एकाच रेषेवर झिजत नाही.

आणि प्रत्येक कपड्याच्या आत एक छोटी सुती पट्टी टाचा. कुणाचा, केव्हाचा, त्यात काय बदललं, एवढं धुण्यात न जाणाऱ्या शाईने लिहा. आत्याच्या झंपरवर मी लिहिलंय: ‘आत्या, 1974. कुशी सोडल्या, काखेत कळी, 2019. लेस तिच्या हातची.’