क्रूझची कागदपत्रं आणि व्हिसावरचा तो रकाना

पासपोर्ट घ्या हे सांगायला नको. मुदत मात्र आजच बघा, परतीच्या तारखेनंतर किमान ६ महिने शिल्लक हवेत. बुकिंगवरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळू द्या.

आता व्हिसा. इथे नीट लक्ष द्या, मागच्या वेळी मी इथेच अडकले. आमचं जहाज ग्रीसच्या पिरेअसहून निघून तुर्कस्तानात कुशादासीला थांबून परत पिरेअसला येणार होतं. माझ्याकडे शेंगेन व्हिसा होता, म्हणजे ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून एकच चालणारा, तारखाही बरोबर. पण प्रवेशांच्या रकान्यात ‘०१’ छापलेलं, म्हणजे आत एकदाच येता येणार. काउंटरवरच्या बाईंनी त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि पासपोर्ट माझ्याकडे सरकवला. तुर्कस्तान शेंगेनमध्ये येत नाही. तिथे गेलात की शेंगेनबाहेर पडलात, आणि पिरेअसला परतणं हा दुसरा प्रवेश. ‘मी कुशादासीला उतरणारच नाही’ असं विनवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. जहाज सुटलं तेव्हा मी बॅग घेऊन धक्क्यावर उभी होते.

म्हणून अर्ज भरतानाच मल्टिपल एंट्री, म्हणजे अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मागा आणि सोबत बंदरांचं पूर्ण वेळापत्रक जोडा. व्हिसा हातात पडला की तिथल्या तिथे तो रकाना वाचा. तारखा सगळेच बघतात, रकाना कोणी बघत नाही. चूक निघाली तर दुरुस्तीला दिवस हवेत. शेंगेनचा अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, मग शेवटच्या पंधरवड्याची वाट कशाला बघायची?

मधल्या प्रत्येक बंदराच्या देशाचा नियम स्वतः तपासा. जहाजावरून उतरायचं नसलं तरी काही ठिकाणी व्हिसा लागतोच. ‘एजंटने बघितलंय’ यावर राहू नका, धक्क्यावर एजंट नसतो.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेची बंदरं असतील तर पीतज्वराच्या लशीचा दाखला लागू शकतो. तो लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतो, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावून उपयोग नाही. एकदा मिळाला की आयुष्यभर चालतो, २०१६ पासून तसा नियम आहे.

मूल एकाच पालकासोबत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र घ्या. विमा, बोर्डिंग पास, बॅगेचे टॅग छापून ठेवा. सगळं हातातल्या पिशवीत, कारण मोठी बॅग धक्क्यावरच घेतात आणि ती केबिनपाशी यायला काही तास जातात. पासपोर्टची झेरॉक्सही ठेवा, काही जहाजांवर पासपोर्ट जमा करून घेतात.

व्हिसा आला असेल तर आत्ता उठा आणि तो रकाना वाचा.