गोव्याचं राजकारण कळत नाही? आधी नद्या बघा

निवडणूक आली की भाजीपाव खाता खाता कोण कुठल्या पक्षात उडी मारणार हाच विषय. पण मुळातून समजून घ्यायचं असेल तर नकाशा घ्या, रस्त्यांचा नको, नद्यांचा, आणि मोबाईलवर नको, प्रिंट काढा कारण रंग भरायचेत.

तिसवाडी, बार्देस आणि सासष्टी (मुरगावसकट) एका रंगात रंगवा. ह्या जुन्या काबिजादी (काबिजाद म्हणजे जिंकलेला मुलूख), 1510 ते 1543 मध्ये पोर्तुगीजांकडे गेलेल्या. बाकीचे तालुके दुसऱ्या रंगात, त्या नव्या काबिजादी, त्यातला फोंडा तर थेट 1763 ला गेला. म्हणजे मधली दोनशे वीस वर्षं जुवारी ही नुसती नदी नव्हती, बॉर्डर होती.

आता कुठ्ठाळीवर बोट ठेवा आणि नदी ओलांडा. देवळांवर गदा आली तेव्हा 1560 च्या सुमारास कुठ्ठाळीचा देव मंगेश असाच पलीकडे फोंड्यातल्या प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, कारण तिथे आदिलशाही होती, पोर्तुगीजांचा हुकूम चालत नव्हता. आमचंही तेच, मूळ घर सासष्टीत आणि कुळदेवता फोंड्यात. लहानपणी जत्रेला दोन बस बदलून जाताना वाटायचं पूर्वजांनी देव एवढा लांब का ठेवला असेल, नकाशा रंगवला तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

त्याच नकाशावर 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल ठेवा. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश (केंद्रशासित). पानं 34,021 मतांनी जिंकली, ढोबळमानाने जुन्या काबिजादीत पानं, नव्यात फूल. पण इथेच लोक फसतात, रंग बघून सरळ हिंदू-ख्रिश्चन हिशोब मांडतात. तसं करू नका, कारण मार्चमध्ये, म्हणजे दोनच महिन्यांनी, त्याच मतदारांनी विलीनीकरणवाल्या मगोपलाच (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला) परत निवडून दिलं आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. (कोणाच्या घरी हा विषय काढायचाच असेल तर जेवणं झाल्यावर काढा.)

आता उलटं बघा, राजकारणानं भूगोल कसा वाकवला. एक रविवार काढा आणि केरीहून फेरीबोटीनं तेरेखोलला जा. हा तुकडा जमिनीनं महाराष्ट्राला चिकटलेला, गोव्याशी मधे नदी, तरी गोव्यात, कारण 1746 ला पोर्तुगीजांनी सावंतवाडीच्या सावंतांकडून किल्ला घेतला. किल्ल्यावरून जरा पुढे बाईक मारली की सिंधुदुर्ग, जीएच्या नंबरप्लेटी जाऊन एमएच 07 दिसायला लागतात, माड मात्र तेच.

शेवटी म्हादई, म्हणजे पणजीची मांडवी. पणजीच्या मुखापासून बोट उलटं वर न्या, सत्तरी ओलांडली की खानापूर तालुका, कर्नाटक. उगम तिकडे, भरतीचं खारं पाणी इकडे, म्हणजे वर पाणी अडवलं की खारटपणा आत सरकण्याची भीती आपल्याला. 2018 ला पाणीवाटपाच्या लवादानं कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं आणि वाद अजून तसाच. नकाशावर पेन्सिलनं खानापूरच्या बाजूला 28 लिहा आणि पणजीजवळ 2, हे दोन्ही राज्यांचे लोकसभेतले खासदार, म्हणजे दिल्लीत कोणाचं वजन किती ते दिसेल.