आजीच्या गुळपोळीचं पान आणि उन्हात टिकणारी शाई

आजीच्या हातची गुळपोळीची कृती मी फ्रेम करून इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी लावली होती, पश्चिमेच्या खिडकीसमोर. दोन उन्हाळे गेले आणि खसखस किती घ्यायची तेच वाचता येईना. शाई रॉयल ब्लू होती. तेव्हापासून जपून ठेवायचं काही लिहायचं असलं की मी पेन आधी उन्हात पारखून घेते.

जाड ड्रॉइंग शीट घ्या. वर्तमानपत्राचा कागद नको, तो स्वतःच पिवळा पडतो. प्रत्येक पेनने एक लांब बारीक रेघ ओढा, शेजारी एक जाड पट्टा भरा. पेनाचं नाव आणि तारीख मात्र शिसपेन्सिलीने, कारण शिसं उन्हाने उडत नाही. एक दिवस वाळू द्या. मग प्रत्येक रेघेचे दोन तुकडे होतील असा कागद कापा: एक भाग कपाटात, दुसरा खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, लिहिलेली बाजू बाहेर. काच आहे म्हणून शाई वाचेल असं समजू नका. साध्या काचेतून बरीच अतिनील किरणं आत येतात.

खिडकी मात्र ऋतू पाहून निवडा. कर्कवृत्त इंदूरच्या थोडंच उत्तरेला आहे, त्यामुळे मे-जूनमध्ये भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीत ऊन शिरतच नाही. तेव्हा पश्चिमेची घ्या. थंडीत दक्षिणेची उत्तम.

दर रविवारी दोन्ही तुकडे सावलीत शेजारी ठेवून पाहा. माझ्याकडे गुलाबी, जांभळी आणि रॉयल ब्लू आधी गेल्या. निळं बॉलपेन त्यांच्या मागोमाग. या शाईंमध्ये रंग विरघळलेला असतो आणि प्रकाश त्याचे रेणू तोडतो. आयर्न गॉल (लोहक्षार आणि मायफळापासून बनणाऱ्या) शाईतला निळा रंग उडाला, खालची करडी रेघ राहिली. पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, काळी जेल आणि कार्बनची शाई जशीच्या तशी! मोडीतले जुने कागद काजळाच्या शाईमुळेच आजही काळेभोर दिसतात.

दुकानात ‘पर्मनंट’ म्हणतात ते बहुतेक पाण्यापुरतं असतं, उन्हाचं वेगळं विचारा.

आजीच्या वहीतली बाकीची पानं आता कपाटात आहेत. भिंतीवर पुरणपोळीच्या पानाची काळी लेझर झेरॉक्स लावली आहे. तिच्या टोनरमध्येही कार्बनच असतो.