थेरपीच्या प्रॅक्टिसचं सॉफ्टवेअर बदलताय? या चुका टाळा (माझ्या करून झाल्यात)

नवीन सॉफ्टवेअर चालू करून तिसराच दिवस. दुपारी एका क्लायंटचा फोन, आवाज एकदम बारीक. "मॅडम, सासूबाईंच्या मोबाइलवर तुमचा मेसेज आलाय, उद्या पाचचं सेशन आहे म्हणून. त्या विचारतायत कसलं सेशन."

ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, पण झालं ते हेच. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सासूबाईंचा नंबर इमर्जन्सीसाठी टाकलेला होता आणि त्या क्लायंटच्या नावापुढे मी स्वतः दोन वर्षांपूर्वी 'मेसेज पाठवू नये' अशी टिक केली होती. एक्स्पोर्टच्या फाइलमध्ये दोन्ही नंबर व्यवस्थित आले, टिक काही आली नाही. नव्या सॉफ्टवेअरने समोर दिसला तो नंबर उचलला, रिमाइंडर तर त्याच्यात आपोआप चालूच असतात, आणि गेला मेसेज.

मी दादरला एक खोली भाड्याने घेऊन एकटीच प्रॅक्टिस करते, रिसेप्शनला कोणी नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर हीच माझी रिसेप्शनिस्ट. ती बदलताना सगळं लक्ष डेटा नीट येतोय ना याच्यावर होतं. नावं आली, तारखा आल्या, नोट्स आल्या, मी खूश. पण आपण वर्षानुवर्षं एकेका क्लायंटसाठी ज्या बारीकसारीक खबरदाऱ्या घेऊन ठेवलेल्या असतात ना, म्हणजे याला फोन करायचा नाही, हिला फक्त ईमेल, या दोघांच्या नोट्स एकमेकांना दिसता कामा नयेत, त्या कुठल्याच फाइलमध्ये बसत नाहीत. त्या हातानेच न्याव्या लागतात.

आधी सगळं बंद, मग इम्पोर्ट

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. क्लायंटची यादी चढवायच्या आधी नव्या सॉफ्टवेअरमधले एसएमएस, व्हॉट्सॲप, ईमेल, थकबाकीची आठवण, वाढदिवसाच्या शुभेच्छा (हो, हेही असतं, आणि थेरपिस्टकडून असा मेसेज आला की कसंतरीच वाटतं) सगळं बंद करा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये क्लायंट ॲड झाला की 'तुमचं अकाउंट तयार आहे' असा ईमेल आपोआप सुटतो. तो आजच्या क्लायंटना गेला तर चालेल एकवेळ, पण यादीत पाच वर्षांपूर्वी थेरपी संपवून गेलेली माणसंही असतात आणि त्यातल्या एखाद्याचा तो ऑफिसचा ईमेल असतो.

सगळं बंद केलं की पाच प्रकारचे खोटे क्लायंट बनवा आणि सगळ्यांना स्वतःचा नाहीतर नवऱ्याचा नंबर द्या. एक जोडपं बनवा, एक पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याची आई बनवा, एक परदेशातला बनवा, एक ज्याने दहा सेशनचे पैसे आधी भरलेत असा बनवा आणि एकाचं नाव मराठीत लिहा. हे सगळे सुखरूप पोचले तरच खऱ्यांना हात लावा.

आई आणि मुलगा का, तर आपल्याकडची बरीच सॉफ्टवेअर मोबाइल नंबरावरून माणूस ओळखतात. पंधरा वर्षांच्या मुलाच्या फाइलमध्ये नंबर आईचाच असतो, आणि आईही कधीकाळी दोन-तीन सेशनला आलेली असेल तर सॉफ्टवेअर म्हणतं ही एकच व्यक्ती, करू का एकत्र? आणि आपण रात्री साडेअकराला डोळे चोळत 'हो' दाबतो. मी दाबलं होतं. दुसऱ्या दिवशी आईच्या फाइलमध्ये मुलाच्या नोट्स दिसायला लागल्या, नशीब क्लायंटला स्वतःची फाइल बघायची सोय अजून चालू केली नव्हती. एकत्र केलेल्या फाइल परत सुट्या करायचं बटण बहुतेक ठिकाणी नसतंच, सपोर्टला विनवण्या कराव्या लागतात. तेव्हा 'डुप्लिकेट सापडले' असं आलं की एकेक उघडून बघा, सगळे निवडून ओके करू नका.

एक्सेलमध्ये उघडलं आणि वाट लागली

एक्स्पोर्टची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) आपण सवयीने डबलक्लिक करतो. मराठीत लिहिलेली नावं आणि नोट्स असतील तर तिथे टोप्या घातलेली अगम्य अक्षरं दिसतात. घाबरू नका, डेटा गेलेला नाही, फक्त सेव्ह करू नका, कारण सेव्ह केलं तर तीच अक्षरं कायमची. फाइल बंद करा, रिकामं एक्सेल उघडा, डेटा मेन्यूतून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आणा आणि तिथे ६५००१ यूटीएफ-८ निवडा. किंवा गूगल शीट्स, तिथे सहसा सरळ उघडते, पण क्लायंटची नावं गूगलवर चढवायची का हे आधी ठरवा.

मोबाइल नंबर ९१ लावून बारा आकडी असेल तर एक्सेल त्याचं ९.१९ई+११ असं काहीतरी करून टाकतं. आणतानाच तो कॉलम टेक्स्ट ठेवायचा.

तारखांची गंमत तर वेगळीच. लॅपटॉप अमेरिकन सेटिंगवर असला की ०५/०६/२०२३ म्हणजे आपली ५ जून, त्याची होते ६ मे. आणि २५/०६/२०२३ मध्ये पंचविसावा महिना नसतो म्हणून ती तारीख तो तशीच सोडून देतो. म्हणजे काही तारखा चुकीच्या, काही बरोबर, आणि वरवर बघितलं तर सगळं ठीकच दिसतं. ओळखायचं कसं? कॉलम रुंद करून बघा, तारखा काही उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे असतील तर घोळ झालाय. डावीकडच्या त्याला तारीख म्हणून कळल्याच नाहीत आणि उजवीकडच्यांचे दिवस-महिने उलटे झालेत. कोणाला कधी आत्महत्येचे विचार येत होते याचा क्रम जिथे बघायचा असतो तिथे मे आणि जून उलटे झालेले परवडत नाहीत.

वेळेचंही तसंच. माझी साडेसहाची सेशन्स नव्या कॅलेंडरमध्ये रात्री बाराला दिसायला लागली, मला वाटलं सगळंच गेलं. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर दुसरं काही शोधत बसू नका, टाइमझोनच आहे. फाइलमधल्या वेळा त्याने ग्रीनिचच्या धरल्या आणि वर आपले साडेपाच तास मिळवले. एकेक अपॉइंटमेंट हाताने सरकवू नका, इम्पोर्टच्या सेटिंगमध्ये कोलकाता टाइमझोन निवडा, चढवलेलं सगळं पुसा आणि परत इम्पोर्ट करा. गूगल कॅलेंडरचं सिंक त्याआधी तोडा, नाहीतर जुनं, नवं आणि गूगल मिळून एका सेशनच्या तीन नोंदी. न्यू जर्सीतला क्लायंट असेल तर मार्च आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं बदलतात, आपली नाही. आपले रात्रीचे आठ म्हणजे त्याचे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. दर आठवड्याचं सेशन कोणाच्या घड्याळाला बांधलंय ते तपासून घ्या.

स्कोअर आला, उत्तरं नाही आली

हे मला फार उशिरा लक्षात आलं. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजायच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न, एकूण २७ पैकी स्कोअर. माझ्या एक्स्पोर्टमध्ये प्रत्येक वेळचा एकूण स्कोअर होता. १४, ११, ९. छान उतरतोय आलेख. पण नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो, आणि ९ मधले त्या एका प्रश्नाचे किती हे एकूण आकड्यातून कधीच कळत नाही. स्कोअर खाली येतोय आणि नववा तिथेच अडकलाय असे क्लायंट असतात, आपल्याला माहितीयत. त्यामुळे जुनं बंद करायच्या आधी प्रश्नवार उत्तरांची पीडीएफ काढून घ्या, आणि ज्यांचा नववा शून्य नाही त्यांची नोंद नव्या फाइलमध्ये सगळ्यात वर हाताने टाइप करा. माझ्याकडे असे सातजण निघाले, अर्ध्या तासाचं काम.

नोट्सचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी त्या पीडीएफच्या गठ्ठ्यात मिळतात. वाचता येतात, शोधता येत नाहीत, आणि नोट कधी लिहिली, कधी लॉक केली, नंतर बदलली का हा इतिहास बऱ्याचदा त्यात नसतो. उद्या कोर्टातून रेकॉर्ड मागितलं तर तो इतिहास लागतो, तेव्हा वेगळा मागून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटला गोपनीयतेचाही हक्क आहे आणि स्वतःचं रेकॉर्ड बघायचाही, म्हणजे लपवूनही ठेवता यायला हवं आणि मागितलं की काढूनही देता यायला हवं.

भाचा आयटीत आहे

प्रत्येकाचा कोणीतरी भाचा आयटीत असतोच. माझाही आहे, हिंजवडीला. "मावशी, फाइल पाठव, पाच मिनिटांत करून देतो." आणि मी ती फाइल, एकशेऐंशी माणसांची नावं, नंबर आणि का येतात याच्या कॉलमसकट, व्हॉट्सॲपवर पाठवणारच होते. बोट बटणावर होतं. मग पहिल्या पाच ओळी ठेवल्या, नावं बदलून अबक केली आणि तेवढी पाठवली. त्याचं काम त्याच्यावरच झालं.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, आणि सॉफ्टवेअर कंपनीने काम करताना घोळ घातला तरी क्लायंटच्या बाजूने जबाबदार आपणच धरले जातो. नियम नोव्हेंबर २०२५ ला आलेत, बऱ्याच तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार. एवढा मोठा दंड दादरच्या एका खोलीला लावतील असं मला वाटत नाही, पण एक्स्पोर्टची झिप फाइल डाउनलोड्समध्ये पडलेली असताना लॅपटॉप लॅमिंग्टन रोडला रिपेअरला दिला तर झोप कशी लागणार? काम झालं की डाउनलोड्स, रिसायकल बिन आणि ईमेलचं सेंट, तिन्ही साफ करा.

सेल्सवाले 'आमचं हिपा कंप्लायंट आहे' सांगतात तेव्हा मान डोलवू नका. हिपा हा आरोग्याच्या माहितीबद्दलचा १९९६ चा अमेरिकेचा कायदा आहे. अमेरिकन सॉफ्टवेअर वाईट असतात असं नाही, पण त्यात विम्याच्या क्लेमचे स्क्रीन, ९०८३४ आणि ९०८३७ असले सेशनचे कोड, आणि आपल्याला लागते ती साधी रजिस्ट्रेशन नंबरवाली पावती मात्र पाच क्लिकनंतर. डेमोत एकच विचारा, उद्या मी सोडून गेले तर माझ्या नोट्स कुठल्या स्वरूपात देणार, आणि त्याचं सॅम्पल आत्ता दाखवा. मी हे जुन्याला विचारलं नव्हतं.

पैसे, पावत्या, मेसेज

दहा सेशनचे पैसे भरून सहा झालेला क्लायंट नव्या सॉफ्टवेअरला नवाकोरा वाटतो, किंवा थकबाकीदार. शिल्लक हाताने टाका, यूपीआयच्या नोंदींशी ताडून. पावती क्रमांक एकपासून परत सुरू झाला तर सीए ओरडतो, आणि विम्याकडे पावत्या लावणाऱ्या क्लायंटकडे एकाच नंबरच्या दोन पावत्या होतात. जमलं तर १ एप्रिलपासून नवी मालिका. डेटा हलवायचं काम मात्र मार्चमध्ये नको, तेव्हा आपणही आणि सीएही वैतागलेले असतो. मी म्हणेन गणपतीत करा, निम्मे क्लायंट कोकणात नाहीतर पाहुण्यांत, स्लॉट रिकामे असतात. मग एप्रिलपर्यंत नवी मालिका लागेस्तोवर जुन्या क्रमांकाच्या पुढचा आकडा सेटिंगमध्ये टाकून चालवायचं.

कार्ड सेव्ह केलेलं असेल तर ते एक्स्पोर्टमध्ये येणार नाही, क्लायंटला परत टाकावं लागेल, आधीच सांगून ठेवा. एसएमएस जात नसतील तर सॉफ्टवेअरला शिव्या घालण्याआधी डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांकडची मेसेजची नोंदणी) तुमचा मजकूर नोंदवलाय का बघा, एक शब्द जरी वेगळा असला तरी मेसेज अडतो. आणि मजकुरात 'थेरपी', 'काउन्सेलिंग' हे शब्द नकोतच. "उद्या ५ वाजता अपॉइंटमेंट आहे" पुरे. रद्द करायची मुदत चोवीस तासांची असेल तर रिमाइंडर छत्तीस तास आधी लावा. चोवीसला लावला तर मेसेज वाचेपर्यंत मुदत संपते आणि मग फी वरून वाद.

जुनं सबस्क्रिप्शन लगेच बंद करू नका. मी पैसे वाचवायला पंधरा दिवसांत बंद केलं आणि महिन्याभराने कळलं की सह्या केलेल्या संमतीपत्रांचे स्कॅन एक्स्पोर्टमध्ये आलेच नव्हते. एकेकाकडून परत सह्या घेतल्या. तीन महिने तरी दोन्ही चालू ठेवा. पहिले दोन आठवडे मी अपॉइंटमेंट एलआयसीच्या फुकट डायरीतही लिहायचे, फक्त आद्याक्षरं आणि वेळ. एका गुरुवारी तुफान पाऊस, नेट गेलेलं, लाइटही गेलेली, आणि पाचला कोण येणार हे त्या डायरीतच सापडलं. ती आली, भिजत, छत्री दारात ठेवली आणि बसता बसता म्हणाली, "मॅडम, मेसेज नाही आला ना यावेळी, बरं वाटलं."