कापरेकर क्रियेचा प्रोग्राम लिहिताना या चुका टाळा

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली मांडलेली ही क्रिया लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्रामचा भाग, शिकायला फार चांगली आहे. चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, मोठीतून लहान वजा करा आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा. चारही अंक सारखे नसतील, तर जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतं. ३५२४ घेतलं तर ३०८७, ८३५२ आणि लगेच ६१७४.

बरेच जण एवढं एक उदाहरण चालवून थांबतात. आता २१११ देऊन बघा. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. प्रोग्राम ही संख्या तीन अंकी समजतो, ९९९ मधून ९९९ वजा करतो आणि शून्यावर अडकतो. लूप मात्र ६१७४ ची वाट बघत फिरतच राहतो. खरं तर ते ०९९९ धरायला हवं. मग ८९९१, ८०८२, ८५३२ असं करत ६१७४ येतं.

ही चूक इतकी लपून का राहते? अंक मोठ्यापासून लहानापर्यंत क, ख, ग, घ माना. वजाबाकी नेहमी ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) एवढी येते. म्हणजे सगळे अंक सारखे नसताना उत्तर हजाराच्या खाली येऊ शकतं ते एकच, ९९९. म्हणून सहज सुचलेल्या उदाहरणांवर चुकीचा प्रोग्रामही बिनबोभाट चालतो.

सी किंवा जावामध्ये दहाने भागून बाकी काढत अंक सुटे करत असाल, तर ‘संख्या शून्याहून मोठी असेपर्यंत’ ही अट काढा आणि लूप बरोबर चार वेळा चालवा. पायथनमध्ये ‘झेडफिल’ने पुढे शून्यं लावून चार जागा भरा, पण दर फेरीत. फक्त इनपुट घेताना भरल्या तर ०९९९ पुन्हा निसटतं. ‘सॉर्टेड’ अक्षरांची यादी देतं, तेव्हा वजाबाकीआधी ती जोडून ‘इंट’ने पूर्णांक करायला विसरू नका. पायथन ३ मध्ये एका तिरक्या रेघेचा भागाकार दशांश देतो, अंक काढताना दोन रेघा हव्यात.

११११ सारखी संख्या लूपच्या आधीच अडवा, कारण तिची वजाबाकी शून्यच येते.

तोच प्रोग्राम दोन अंकी संख्यांवर चालवायचा मोह होतोच. तीन अंकांना ४९५ भेटतं, पण दोन अंकांत ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९ असं चक्र आहे, थांबायची जागाच नाही. आलेल्या संख्या एका सेटमध्ये ठेवा आणि एखादी पुन्हा दिसली की थांबा.

तपासायला १००४ घ्या, फेऱ्या सात यायला हव्यात. ६१७४ ला शून्य. मग सारख्या अंकांच्या संख्या वगळून १००० ते ९९९९ सगळं चालवा. कुठेही सातच्या वर आकडा गेला, तर पहिल्यांदा चार जागा भरणारी ओळ बघा.