अंगावर पाजताना उपास: या चुका टाळा

श्रावणी सोमवार, हरतालिका, नवरात्र आणि वर महिन्याच्या एकादशा नि संकष्ट्या. दरवर्षी त्याच तारखांना त्याच चुका होतात, आणि त्या बहुतेक उपासाच्या नसतात. उपास धरल्यावर बाईचं आणि घरातल्यांचं जे चुकतं, त्याच्या असतात. एक दिवस जेवण कमी पडलं म्हणून निरोगी आईचं दूध आटत नाही, शरीर साठ्यातून भागवतं. दूध घटतं ते छाती वेळेवर रिकामी न केल्याने. आई खचते ती पाण्यावाचून. या दोन गोष्टींत तडजोड नाही, बाकी सगळं जुळवून घेता येतं.

बाळ दीड महिन्याचं व्हायच्या आत उपास धरणं. धरूच नये. पहिले सहा आठवडे दूध बसायचे, म्हणजे बाळाच्या मागणीप्रमाणे जुळून यायचे असतात. बाळंतिणीची झीज भरून यायची असते, बऱ्याचदा रक्तही कमी असतं. व्रत खंडित होईल ही भीती असेल, तर नवऱ्याने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी प्रतिनिधी म्हणून ते करावं. शास्त्रात तशी सोय आहे.

निर्जळी हरतालिका. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. हिशेब साधा आहे. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसाला सुमारे ७५० ते ८०० मिली दूध लागतं, आणि त्यात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं. म्हणजे जवळजवळ पाऊण लिटर पाणी नुसतं दुधावाटे जातं. भाद्रपदातला दमट उकाडा, पूजेची धावपळ, रात्रीचं जागरण आणि लगेच दुसऱ्या दिवशी गणपतीचा स्वयंपाक. शरीर आधी दूध वाचवतं, आईचं पाणी मागाहून बघतं. म्हणून बाळ ठीक दिसतं आणि आईला मात्र चक्कर येते.

पुढचा क्रम ठरलेला असतो. बाळ तीन महिन्यांचं, आई पहाटेपासून पाण्याविना. संध्याकाळी छाती मऊ लागते, बाळ सारखं चिकटून असतं. घरात कुणीतरी म्हणतं, ‘दूध गेलं हिचं.’ खरं तर तीन महिन्यांनी छाती मऊ राहणं हे दूध मागणीप्रमाणे बसल्याचं लक्षण आहे, आणि बरीच बाळं संध्याकाळी तशीही थोड्या थोड्या वेळाने पितात. पण खात्री करायला दूध काढायचा पंप लावला जातो. नुकतंच पाजलेलं असतं, मन धास्तावलेलं असतं, त्यामुळे पान्हा नीट फुटत नाही आणि वीस मिली निघतं. तेवढ्यावर निकाल लागतो. रात्री डब्याच्या दुधाची बाटली दिली जाते, बाळ पाच-सहा तास झोपतं, दमलेली आईही झोपते. मधे पंप नाही, पाजणं नाही. गणेश चतुर्थीच्या सकाळी छाती दगडासारखी, एका बाजूला लालसर गाठ, दुपारपर्यंत थंडी वाजून ताप. आणि दोष मात्र उपासाला.

पंपात निघालेलं दूध म्हणजे छातीत असलेलं दूध नव्हे. बाळ पंपापेक्षा जास्त ओढतं. दूध पुरतंय का हे लंगोटांवरून ओळखा: चोवीस तासांत सहा किंवा जास्त चांगले ओले लंगोट असतील तर पुरतंय. काही कारणाने बाटली द्यावीच लागली, तर त्याच वेळी पंधरा-वीस मिनिटं पंप करायचा. बाटली दिली आणि पंप नाही, असं एकदाही नको.

गाठ झालीच तर ती जोर लावून मळू नका, आतली सूज वाढते. बाळाला नेहमीसारखं त्या बाजूलाही पाजत राहा, ते दूध बाधत नाही. पाजून झाल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा, तापाला पॅरासिटामॉल घ्या. चोवीस तासांत ताप उतरला नाही तर डॉक्टर.

आणि निर्जळीचं काय? पाणी प्या. पाणी, कंदमूळ, फळ, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही हे व्रताच्या नियमांतच आहे. पाजायच्या जागी भरलेला तांब्या आणि फुलपात्र ठेवायचं आणि दर पाजण्याला, दर पंपाला एक फुलपात्र संपवायचं, इतकी साधी सवय पुरते. मधे दोनदा ताक, एक शहाळं. लघवी गडद पिवळी झाली की कमी पडतंय. मात्र तहानेपलीकडे लिटरच्या लिटर प्यायल्याने दूध वाढत नाही.

साबुदाण्यावर दिवस काढणं. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात प्रथिनं अर्धा ग्रॅमसुद्धा नसतात. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी आणि १५ ते २० ग्रॅम प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात. खिचडीतलं दाण्याचं कूट हाच त्यातला खरा ऐवज, आणि नेमकं तेच पित्ताच्या भीतीने कमी केलं जातं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, राजगिऱ्यात तेरा-चौदा. म्हणून खिचडी खायचीच तर वाटीभर, बरोबर वाटीभर दही. मुख्य जेवण वरीचे तांदूळ, म्हणजे भगर, आणि दाण्याची दाट आमटी. मधल्या वेळी राजगिऱ्याचा लाडू नि दूध, खजूर, उकडलेलं रताळं. तीन-चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं ठेवू नका. बटाट्याचे वेफर्स म्हणजे फराळ नव्हे.

भगरीचं पीठ सुटं आणि जुनं घेऊ नका, ओलसर भगरीला बुरशी लवकर लागते. वरीचे तांदूळ निवडून धुऊन घरी दळा आणि शिजवलेलं दुपारचं रात्री खाऊ नका. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात एकादशीच्या प्रसादातून शेकडो लोकांना विषबाधा झाली होती. जुलाब-उलट्यांनी पाजणाऱ्या आईचं पाणी फार झपाट्याने तुटतं.

ऑफिसात ‘आज उपास, आज पंप नको’. अगदी उलट. नेहमी तीनदा करत असाल तर उपासालाही तीनदाच. दूध भरून राहिलं की शरीर ते कमी करायला लागतं. काढलेलं दूध पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, उकाड्यात तेवढंही धरू नका. थेट फ्रीजमध्ये, दारात नाही, आत मागच्या बाजूला. तिथे चार दिवस राहतं.

रिकाम्या पोटी चहावर चहा. दिवसाला दोन कप पुरे, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर नको.

गोळ्या चुकवणं. थायरॉइड, लोह, कॅल्शियम, सगळं चालू. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नाहीच.

सैंधव मीठ महिनाभर. त्यात सहसा आयोडीन मिसळलेलं नसतं, आणि बाळाला आयोडीन फक्त तुमच्या दुधातून मिळतं. एका दिवसाने बिघडत नाही. श्रावण आणि नवरात्र मिळून आठवडेच्या आठवडे तेच वापरू नका.

बाळाला वरचं पाणी. ‘आई उपाशी आहे, बाळाचा घसा सुकला असेल’ म्हणून चमचा-चमचा पाणी, मध, गाईचं दूध. सहा महिन्यांच्या आत काहीच नाही. मध आणि प्यायला गाईचं दूध वर्ष होईपर्यंत नाही.

त्रास सोसत राहणं. सहा-आठ तास लघवी नाही, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, धडधड: उपास तिथेच सोडा. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून घोट घोट प्या. मळमळ थांबत नाही, उलट्या, पोटात दुखतंय आणि श्वास खोल नि जोरात चाललाय, तर घरी थांबू नका. पाजणाऱ्या आईच्या रक्तात उपासाने कीटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं) वाढून आम्लता होऊ शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असतं, आणि त्यात रक्तातली साखर अगदी बरोबर येऊ शकते. दवाखान्यात पहिल्याच वाक्यात सांगा: ‘मी अंगावर पाजते आणि काल सकाळपासून उपाशी आहे, कीटोन तपासा.’