कापड घ्यायचं तर दारातल्या उजेडात

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कापड घेताना दुकानातल्या ट्यूबलाइटवर विसंबू नका. आपल्याला कोणते रंग खुलतात ते बघायला दारात, दिवसाच्या उजेडात या. मेकअप नको. हनुवटीखाली आधी पांढरंशुभ्र, मग मोतिया कापड धरा आणि आरशात कापड नाही, चेहरा पाहा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं कशाने फिकी वाटतात? मोतियाने, तर तुमच्या त्वचेची छटा उबदार, म्हणजे छटांना ऋतूंची नावं देणाऱ्या पद्धतीत वसंत किंवा शरद: मोहरी, गेरू, शेवाळी बघा. पांढऱ्याने, तर थंड, ग्रीष्म किंवा हिवाळा: राणी, जांभळा, गडद निळा.

सावळ्यांनी फिकेच रंग घालावेत, हे मला मुळीच पटत नाही. सावळेपणा उबदारही असतो, थंडही. लाल तर सगळ्यांचाच: उबदार छटेला केशरीकडे झुकणारा, थंड छटेला डाळिंबी. गोव्याची पारंपरिक, चौकड्यांची कुणबी साडी निवडतानाही लालाची ही जात पाहा.